कडेचा तुकडा

३ नोव्हेंबर

बारके,

पाकिटाला गोंद लावलेला नाही, झाकण नुसतं आत खोचलंय. एका हाताने उघडेल. खोलीवर तीनदा एकाच हाताने उघडून पाहिलं, म्हणून सांगते.

फोन तू उचलत नाहीस. आई म्हणते, माझं नाव दिसलं की तू फोन पालथा घालतेस. घाल. पत्राचं तसं नसतं, ते पालथं घातलं तरी मागून अक्षरं दिसतात. आणि माझं अक्षर म्हणजे आंधळ्यालाही वाचता येईल इतकं दाबून काढलेलं, हे तूच म्हणायचीस.

इकडची खबर अशी की नाटक रद्द झालं. चित्र-शिल्प, संगीत आणि नाट्य, तिन्ही शाखांनी मिळून दरवर्षी एक नाटक करायचं आणि त्यावर शेवटच्या वर्षाचे गुण ठरायचे, ही आपल्या विभागाची जुनी रीत. ती यंदा मोडली. आता आम्हाला लेखी परीक्षा आहे. शिल्पाच्या मुलांना लेखी परीक्षा! आम्हाला शाई लागते ती फक्त शर्टाला.

रंगमंचाची मागची भिंत अजून तशीच उभी आहे. भिंतीतून बाहेर आलेले दहा हात, नाटकातल्या दहाजणांचे, ही माझी कल्पना होती. नऊ लटकलेत. दहाव्या जागी खिळा आहे. नाटकाचा दिग्दर्शक रोज येऊन पहिल्या रांगेत बसतो आणि त्या खिळ्याकडे बघतो, जसा काही खिळ्यानेच त्याचं नाटक बुडवलं.

चौकशी समिती बसली आहे. विभागप्रमुख मॅडम, नाट्याचे सर आणि कचेरीतले एक अधिकारी. हे अधिकारी सगळं लिहून घेतात आणि प्रत्येक वाक्यानंतर "बरं" म्हणतात. मी माझा जबाब दिला. आपल्या मदतनीस मामांनी प्लास्टर भिजवून दिलं, मी तुला साच्यासाठी त्यात हात ठेवायला सांगितला, प्लास्टर इतकं तापतं याची मला कल्पना नव्हती, मग मामा छिन्नी घेऊन धावत आले आणि पुढचं मला नीट आठवत नाही. मामांना तूर्त घरी बसवलंय. तीस वर्षं शिल्पाच्या खोलीत माती मळून दिली त्यांनी, मलाही वाईट वाटतं. पण नियम म्हणजे नियम. मदतनीसाने विद्यार्थिनीच्या अंगावर छिन्नी चालवायची नसते.

जे झालं ते फार वाईट झालं. पण ते घडायचं होतं, घडलं. आणि बारके, रागावू नकोस, पण तुला केव्हाही हात काढता आला असता. मी काही तुला बांधून ठेवलं नव्हतं.

माझी बोटं आता बरी आहेत. चहाच्या केटलीचा चटका होता, फोड बसले. आईला तेच सांगितलंय.

तुझी ताई


९ नोव्हेंबर

बारके,

तुझं कार्ड मिळालं. उत्तर येईल असं वाटलंच नव्हतं. पोस्टमनच्या हातातून मी ते जवळजवळ ओढूनच घेतलं.

दोन ओळी. "त्या माणसाने माझी बोटं तोडली. मी समितीला लिहिणार आहे." अक्षर तसंच सुबक, उजवा हात शाबूत आहे म्हणून. मी ते कार्ड दिवसभर वहीत ठेवलं आणि दर तासाला काढून वाचलं. मला आनंद झाला, हे लिहायला लाज वाटते, पण झाला. तू माझ्यावर रागावली नव्हतीस.

सुनावणी पंचवीस तारखेला आहे. तुझं पत्र गेलं की मामांचा निकाल लागल्यातच जमा. डॉक्टरांच्या कागदावर "भाजणे व इजा" असं आहे. समितीने त्यातली इजा तेवढी उचलली. भाजणं म्हटलं की विचारावं लागतं कोणी भाजलं, प्लास्टर कपाटाबाहेर कसं आलं, वर्गात शिक्षक का नव्हते. इजा म्हटली की छिन्नी, आणि छिन्नी म्हणजे मामा. सगळे सुटतात. नाट्याचे सर परवा जिन्यात भेटले तर माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तू स्वतःला त्रास करून घेऊ नकोस."

मामा काल कपाट रिकामं करायला आले होते. आम्ही माती लावत होतो, सगळ्यांनी माना खाली घातल्या. आपला चष्मा, एक डबा, जुना टॉवेल एवढं त्यांनी पिशवीत भरलं. त्यांच्या डाव्या तळव्याला अजून पट्टी आहे. तुझ्या हाताभोवतीची प्लास्टिकची बादली त्यांनी चाकूने कापली, तेव्हाचं ते आहे. जाताना माझ्या ओट्यापाशी थांबले.

"बारकी कशी आहे?"

"बरी आहे."

"जेवते का?"

मी म्हटलं, जेवते. मला काय माहीत तू जेवतेस की नाही! त्यांनी माझ्या मातीच्या डोक्याकडे पाहिलं, म्हणाले, "कान फार वर गेलाय," आणि निघून गेले. कान खरंच वर गेला होता.

एक बारीकशी गोष्ट राहिली. प्लास्टर मामांनी नाही, मी भिजवलं होतं. कोमट पाण्यात, म्हणजे लवकर धरावं म्हणून. त्याने तसा काही फरक पडत नाही, पण तू समितीला लिहिणार असशील तर तो भाग गाळ. मला आपलं वाटलं, सांगावं.

ताई


१६ नोव्हेंबर

बारके,

"बारीकशी गोष्ट" या शब्दांवरून तू काही बोलली नाहीस. कार्डही आलं नाही. आई म्हणाली, तू पत्र वाचलंस आणि उशीखाली ठेवलंस. फाडलं नाहीस म्हणजे अजून काही आशा आहे.

मी मामांच्या घरी गेले होते. खरं कारण सांगते, दया येऊन गेले नव्हते. किल्लीबद्दल त्यांनी समितीसमोर तोंड उघडू नये, असं सांगायला गेले होते.

किल्लीचं असं आहे. त्या दिवशी सकाळी मी मामांना म्हटलं होतं की एकच हात राहिलाय, बारकीचा, आणि बाकीचे नऊ साचे ज्या गुंडाळून घेतले त्या प्लास्टरच्या पट्ट्या संपल्यात. ते म्हणाले, उद्या सकाळी भांडारातून आणून देतो. मी म्हटलं, परवा प्रयोग आहे, उद्या रंग लावायचाय, मी आजच सरळ बादलीत हात घालून साचा घेते. तेव्हा मामा माझ्यावर ओरडले. तीस वर्षांत ते कोणावर ओरडलेले कोणी ऐकलं नाही. "बादलीत मेलेलं घालतात, जिवंत नाही! मासा घाल, फांदी घाल. एवढं प्लास्टर एकत्र धरतं तेव्हा उकळत्या भांड्यासारखं तापतं, आणि तोवर हात आत अडकलेला असतो." आणि त्यांनी प्लास्टरच्या कपाटाला कुलूप लावलं.

मला माहीत होतं. जबाबात लिहिलं की कल्पना नव्हती, पण पहिल्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात हेच शिकवतात, फळ्यावर लिहून. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसांना सगळ्याचीच भीती वाटते. त्याच दुपारी मामा जेवायला गेले आणि शर्ट खुंटीवर होता. खिशात किल्ली होती.

त्यांच्या घरी दार मामींनी उघडलं. मी कोण ते कळल्यावर त्या आत गेल्या आणि पुन्हा बाहेर आल्या नाहीत. मामा खिडकीशी बसले होते. ज्या माणसाचे हात कधी मोकळे पाहिले नाहीत, तो हात मांडीवर ठेवून बसलेला बघवत नाही. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "किल्लीचं मी बोलणार नाही. तुझ्या शेवटच्या वर्षाचा प्रश्न आहे."

माझा श्वास मोकळा झाला, बारके. पुढचं ऐकेपर्यंत मोकळाच होता.

"नोकरीचंही राहू दे," ते म्हणाले. "आज ना उद्या जायचीच होती. पण त्या पोरीला वाटतं मी तिची बोटं तोडली. शेवटचं तिने काय पाहिलं, तर छिन्नी घेऊन मी अंगावर येतोय. तेवढं तिच्या मनातून काढायला हवं. छिन्नी आत गेलीच नाही. बाहेरून खाच पाडली, पाचर ठोकली, साचा आपला आपण उकलला. तुकडे बघितले तर कोणालाही कळेल."

मी निघायला उठले.

"तुकडे कुठे आहेत? मी दवाखान्यातून परत आलो तर खोली झाडून लख्ख."

मी म्हटलं, कचऱ्यात गेले असतील.

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "असतील." आणि मला जिन्यापर्यंत सोडायला आले, दिवा नव्हता म्हणून.

तुकडे माझ्या पलंगाखाली आहेत. तुला गाडीत घातलं, सगळे तुझ्यामागे धावले, आणि मी मागे राहून ते गोळा केले. लोक मला विचारतात, बहिणीबरोबर तू का नाही गेलीस? मी सांगते, मला चक्कर आली होती. चक्कर वगैरे काही आली नव्हती. माझ्या हातात केरसुणी होती.

ताई


२० नोव्हेंबर

बारके,

आज खोका बाहेर ओढला आणि तुकडे जुळवले. सात आहेत. तीन मोठे, चार लहान. चादरीवर मांडून, दाराला कडी लावून, एखाद्या चोरासारखी बसले होते.

साचा म्हणजे काय ते तुला कधी नीट समजावलं नाही. तू शिल्पाच्या खोलीत आलीस की शिंकायचीस आणि पळायचीस. साच्यात वस्तू नसते, वस्तूची जागा असते. बाहेरून तो नुसता ओबडधोबड दगड दिसतो. आत मात्र सगळं उलटं उमटलेलं असतं, कातडीवरची रेघन्‌रेघ. मी बॅटरी लावून आत पाहिलं. तुझ्या तळव्याच्या रेषा आहेत. करंगळीची ती लहानपणी दारात चेमटलेली वाकडी पेरं आहेत. आणि तीन बोटांच्या टोकांना आडवे वळ आहेत, व्हायोलिनच्या तारांनी पडलेले. सात वर्षांचे घट्टे, बारके. आधी फोड यायचे तेव्हा तू रडायचीस आणि मी म्हणायचे, नाटकं करू नकोस.

ती तीन बोटं आता फक्त तिथे आहेत. म्हणून मी ते तुकडे लपवले, असं मी महिनाभर स्वतःला सांगत होते. बहिणीची आठवण, वगैरे. असा साचा एकदाच भरता येतो, आत ओतलेला हात काढताना तो फोडावा लागतो. मला वाटायचं, कधीतरी भरीन, पाचही बोटांचा हात काढून तुला देईन. आज कळलं की हा किती दुष्ट विचार होता. तुला ते देणारी मी कोण?

मामा खरं बोलले. छिन्नीचे घाव बाहेरच्या बाजूला आहेत, दोन बोटं खोल, आणि तिथेच थांबलेत. आतली बाजू लोण्यासारखी गुळगुळीत आहे. एक ओरखडा नाही. तुझ्या बोटांना छिन्नी लागलीच नाही. बोटं गेली ती भाजून, दवाखान्यात काढावी लागली, आणि कातडी सोलली ती हात आत अडकलेला असताना तू ओढत होतीस म्हणून. मामा दोन मिनिटं उशिरा आले असते तर मनगटही गेलं असतं, हे दवाखान्यात डॉक्टर बाबांना म्हणाले होते. बाबांनी मला सांगितलं. मी कोणालाच सांगितलं नाही.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ती मी आपल्या हाताने देत होते. दोर वळायला तुलाही बसवलं. तुझं पत्र समितीकडे गेलं असेल तर माझ्यामुळे गेलं, हे लक्षात ठेव, स्वतःला बोल लावू नकोस.

आणि पाणी कोमट नव्हतं. निम्मं केटलीतलं होतं. तुझी तालीम होती आणि तू सारखी घड्याळ बघत होतीस, म्हणून मला ते झटपट धरायला हवं होतं.

आईचा संध्याकाळी फोन आला होता. पट्टी बदलायला दवाखान्यातली मावशी येते, तिला तू रोज एकच विचारतेस म्हणे. "मला हात काढता आला असता ना? मग मी का नाही काढला?" मावशी म्हणते, आता त्याचं काय. तू पुन्हा विचारतेस.

हे ऐकून मी फोन ठेवला आणि भिंतीला डोकं लावून बसले. ते वाक्य तुझं नाही. माझ्या पहिल्या पत्रातलं आहे. मी तुला ते पाकिटात घालून पाठवलं, वर गोंदही न लावता.

पंचवीस तारखेला मी तुकडे घेऊन जाणार आहे. सातव्या तुकड्याचं काय करायचं ते अजून ठरत नाही.

ताई


२५ नोव्हेंबर

बारके,

झालं. घाईत लिहितेय, अक्षर लागलं नाही तर आईकडून वाचून घे. नको, आईकडून नको. तूच वाच.

समितीसमोर पहिल्यांदा तुझं पत्र वाचून दाखवलं. अधिकारी वाचत होते आणि मामा खाली मान घालून उभे होते, शाळेत अंगठे धरायला लावलेल्या मुलासारखे. त्यांना बोलायला सांगितलं तर म्हणाले, "पोरगी म्हणते ते तिला दिसलं तसं म्हणते. मी काय बोलणार?" किल्लीचं बोलले नाहीत. शब्द पाळला. मी तेव्हा उठले आणि टेबलावर खोका ठेवला.

"हे काय?" अधिकारी म्हणाले.

"साचा आहे. तिच्या हाताचा."

मॅडमनी चष्मा बदलला. त्यांची बोटं तू पाहिली आहेस, चाळीस वर्षं दगड फोडून झाडाच्या मुळांसारखी झालीत. एकेक तुकडा उचलायच्या, बाहेरून चाचपायच्या, मग आत बोट फिरवायच्या. वरच्या मजल्यावर संगीताच्या मुली आलाप घोटत होत्या, तेवढाच आवाज. शेवटी त्यांनी तुझ्या मधल्या बोटाच्या खाचेत आपलं बोट घातलं आणि ते तसंच राहू दिलं.

"छिन्नी इथपर्यंत आली आहे, आणि इथे थांबली आहे," त्या म्हणाल्या. "आत केस उमटलेत, केस. छिन्नी आत आली असती तर हे राहिलं असतं का? या माणसाने हात तोडला नाही, जेवढा वाचवता आला तेवढा वाचवला." मग माझ्याकडे वळल्या. "हे इतके दिवस कुठे होतं?"

"माझ्या पलंगाखाली."

मग मी सगळं सांगितलं. कुलूप, शर्ट, किल्ली, केटली. फळ्यावर काय लिहिलं होतं तेही. अधिकारी "बरं" म्हणायचे विसरले. नाट्याचे सर खिडकीबाहेर बघत होते. मॅडम म्हणाल्या, "तुला माहीत होतं." हा प्रश्न नव्हता, तरी मी "हो" म्हटलं.

मामांना उद्यापासून कामावर बोलावलंय. माझं नाव विभागातून काढलं. खोली आठवड्यात सोडायची आहे. कागदावर सही करताना मला रडू येईल असं वाटलं होतं, पण तहान लागली फक्त.

तुकडे बांधून ठेवताना मॅडम म्हणाल्या, "वरची कड पूर्ण नाही. मनगटापाशी एक तुकडा कमी आहे."

मी म्हटलं, "सापडला नाही."

खरं बोलायला गेले, आणि तिथेही एक खोटं बोलून आले. सवय मोडत नाही बघ.

बाहेर व्हरांड्यात मामा थांबले होते. मी पाया पडायला वाकले तर मागे सरकले. "कडेचा तुकडा दिला नाहीस," ते म्हणाले.

"तुम्हाला कसं..."

"साचा उकलला तेव्हा तो माझ्या पायाशी पडला होता. मी पाहिलाय तो. तुझी बारकी बेशुद्ध होती आणि तू सगळ्यात आधी तोच उचललास, ओढणीआड नेलास."

मी विचारलं, "मग इतके दिवस बोलला का नाहीत? एका शब्दात सुटला असता."

"समितीला काय करायचंय त्याचं?" मामा म्हणाले. "ते तुमचं दोघींचं आहे. पण तुझ्या एकटीचं नाही. आधी तिचं."

ताई


२७ नोव्हेंबर

बारके,

या पत्राबरोबर एक लहान खोका आहे. दोरीला गाठ मारलेली नाही, टोक ओढलंस की सुटेल. आत चिंधीत गुंडाळलेला प्लास्टरचा तुकडा आहे. मावशीला बाहेर पाठव आणि मग उघड.

उजव्या हातात घे. ज्या बाजूला खोलगट आहे ती आतली, तिथे तुझं मनगट आहे. घड्याळाच्या पट्ट्याचा वळसुद्धा दिसेल. आता वरची कड बघ. तिथे एका बाजूला चार खळगे आहेत आणि पलीकडे एक. ती बोटं आहेत. तुझी नाहीत. मामांचीही नाहीत, त्यांचा अंगठा या खळग्यात मावणार नाही. एकट्या खळग्यात नीट बघ, नखाशेजारी एक आडवी चीर उमटली आहे. आपण लहान असताना विळीने कापलं होतं, आणि तूच फडकं बांधलं होतंस.

हे मी कोणाला सांगितलं नाही. सगळ्यांना वाटतं, मी प्लास्टर ओतून बाजूला उभी होते. मामांना तेवढं माहीत आहे, आणि आता तुला. तुला ते आधीही माहीत होतं, बारके. दवाखान्यातल्या औषधांनी पुसलं, आणि त्या रिकाम्या जागी मी माझं वाक्य भरलं.

तू म्हणालीस, "ताई, गरम लागतंय." मी म्हटलं, होतंच तसं, हलू नकोस. मग म्हणालीस, "ताई, खरंच भाजतंय, काढते मी." तेव्हा प्लास्टर दह्याइतकं मऊ होतं. तेव्हा हात निघाला असता. एका बोटालाही काही झालं नसतं. पण साचा वाया गेला असता, आणि परवा प्रयोग होता, आणि दहावा खिळा रिकामा होता. मी तुझं मनगट दोन्ही बाजूंनी पकडलं आणि खाली दाबलं. म्हटलं, "नाटकं करू नकोस." वरच्या मजल्यावर त्या मुली एकच आलाप घोळवत होत्या. त्यांनी तो चार वेळा म्हटला, तेवढा वेळ मी धरून होते. माझीही बोटं कडेला प्लास्टरमध्ये रुतली होती. ती भाजत होती. फोड केटलीचे नव्हते. म्हणजे तू खोटं बोलत नाहीस, हे माझ्या बोटांना कळत होतं, आणि तरी मी सोडलं नाही. चौथ्या आलापाला तू किंचाळलीस आणि मी हात काढून घेतला. माझा निघाला.

हा तुकडा समितीला दे, पोलिसांना दे, फोडून टाक, जपून ठेव. मी माफी मागणार नाही. मागितली तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि तुझ्यावर आता कसलीच सक्ती मला करायची नाही.

फक्त आज संध्याकाळी मावशी पट्टी बदलायला बसली की तिला ते विचारू नकोस. उत्तर माझ्याकडे होतं. तू हात काढत होतीस. पहिल्यापासून काढत होतीस, जीव खाऊन ओढत होतीस. मी धरून ठेवला होता.